दारापलीकडचं घोरणं

दोघांच्या हातांवर फोड उठवून झाले होते आणि आता त्यांनी भांडायचं होतं. हॉस्पिटलातली संशोधक बाई, वयानं त्यांच्या सुनेएवढी असेल, अगदी गोड आवाजात समजावत होती की फार मोठं भांडण नको, घरी होतं तसंच साधंसुधं. ज्यावर तुमचं पटत नाही असा एखादा विषय घ्या आणि थोडा वेळ बोला. समोर तिपाईवर कॅमेरा. मनगटाच्या जरा वर, आतल्या बाजूला, काचेची बारकी वाटी लावून यंत्रानं कातडी ओढून घेतली होती आणि वाटाण्याएवढा फोड आणून वरचा पापुद्रा काढून टाकला होता. ती जखम कोणाची कशी भरते ते पाहायचं, थोडं रक्तही घ्यायचं. नवरा-बायकोचं आपसात कसं चालतं त्याचा जखमा भरण्याशी आणि शरीरातल्या पेशी म्हाताऱ्या होण्याशी काही संबंध लागतो का, हा त्या बाईचा अभ्यास. मिस्त्रीला ह्यातलं निम्मं कळलं होतं आणि उरलेल्या निम्म्याचं हसू येत होतं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बायको ह्याच हॉस्पिटलच्या दातांच्या विभागात कवळ्या बनवायची, आणि फुकटात रक्त तपासून मिळतंय म्हटल्यावर तिनंच दोघांची नावं देऊन टाकली होती. पण भांडा म्हटलं तर भांडण सुचेना. एरवी सकाळी डोळे उघडल्यापासून दोघांची जी जुगलबंदी चालते ती शेजाऱ्यांना पाठ झालेली, आणि इथे दोघं स्थळ बघायला आल्यासारखी गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली. शेवटी तोच म्हणाला, "खिडकी. हिला रात्री उघडी लागते, मला बंद." बाईनं मान डोलावली आणि बायकोकडे पाहिलं. बायकोनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाली, "मला मुलाच्या खोलीत झोपायचंय. रोज. एकटीला."

"झोप की," तो म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतोय?" आवाज इतका नेहमीचा निघाला की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. छातीत मात्र कसलासा दणका बसला होता, जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि आणखी एक पायरी निघावी तसा. मुलगा लग्न होऊन दुसरीकडे राहायला गेल्यापासून ती खोली रिकामीच होती, खरं आहे. हा घोरतो, तेही खरं आहे. त्याच्या घोरण्यावर घरात इतके विनोद झालेत की पाहुण्यांनाही ते सांगता येतात. पण बायकोनं ही गोष्ट कधी घरात काढली नाही, आणि काढली ती एका परक्या पोरीसमोर, कॅमेऱ्यासमोर, हातावर ओली जखम घेऊन. उरलेला वेळ दोघं पडद्यांवर बोलली. तिकडच्या पडद्यांतून ऊन येतं, नवे घ्यावे लागतील. घेऊ. कपाट तिकडे सरकवायचं का? सरकवू. संशोधक बाई कौतुकानं म्हणाली, "तुम्ही दोघं फारच समंजस आहात हो." समंजस! त्याला वाटलं, हिला कोणीतरी सांगायला पाहिजे की समंजसपणा हा आमच्या घरी आजारपणातच येतो.

बसमध्ये ती शेजारीच बसली होती आणि नेहमीसारखी बोलत होती, कोणा म्हाताऱ्याला कवळी हवी पण दात विशीतल्या पोरासारखे पांढरेशुभ्र हवेत म्हणून हटून बसला होता त्याबद्दल. "वयाला शोभतील असे जरासे पिवळट दात कोणालाच नको असतात," ती म्हणाली, "सगळ्यांना तरुण होऊनच हसायचंय." तो हं हं करत होता आणि तिच्या हाताकडे बघत होता. त्या हातांना गुलाबी मेणाचा वास यायचा, कितीही साबण लावला तरी. लग्नानंतर पहिल्यांदा तो वास त्याला आवडला नव्हता आणि मग तो वास आहे हेच त्याच्या लक्षात येईनासं झालं होतं. आज आला. त्यांचा पहिला पलंग लोखंडी, एकट्या माणसाचा. त्यावर दोघांनी झोपायचं म्हणजे एकानं कूस बदलली की दुसऱ्यानं बदलायची, नाहीतर एक जण जमिनीवर. तिचे पाय बारा महिने बर्फासारखे, आणि ते ती बिनदिक्कत ह्याच्या पोटऱ्यांना चिकटवायची. "शेगडी आहे माझी," म्हणायची. पुढे मोठा पलंग आला, मध्ये मुलगा आला, मुलगा मोठा होऊन त्याच्या खोलीत गेला, पण पाय यायचे ते यायचेच. गेल्या काही महिन्यांत मात्र पाय येत नव्हते. आता आठवल्यावर लक्षात आलं, आणि इतके दिवस लक्षात आलं नव्हतं ह्याचं त्याला फार वाईट वाटलं.

त्याचे वडील असेच बाहेरच्या खोलीत झोपायला गेले होते. तो तेव्हा शाळेत होता. "त्यांना खोकला आहे, तुमची झोप मोडते," आईनं सांगितलं होतं, आणि घरात सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. खोकला गेला तरी वडील आत आले नाहीत. पहिल्यांदा अंथरूण बाहेर गेलं, मग त्यांचा तांब्या गेला, मग चपला, मग दाढीचं सामान. आणि एक दिवस असा आला की आई-वडील एकमेकांशी मुलांच्या मार्फतच बोलायला लागले. "त्यांना विचार, जेवणार आहेत का." "तिला सांग, भूक नाही." भांडण म्हणाल तर कधीच नाही. घरात आवाज म्हणून चढला नाही. वडील गेले ते तिथेच, त्या बाहेरच्या खोलीत, आणि केव्हा गेले ते कोणालाच सांगता आलं नाही. सकाळी चहा घेऊन गेलेल्या आईनं कप खाली ठेवला आणि ती नुसती उभी राहिली. मिस्त्रीला आयुष्यात कशाची भीती वाटली असेल तर त्या बाहेरच्या खोलीची. उंच इमारतीच्या पोकळ पोटात, लोखंडी दोरांवर लोंबणाऱ्या डब्याच्या टपावर उभं राहून तो उभा जन्म काम करत आला, तिथे कधी हात थरथरला नाही. आणि आता त्याच्याच घरात बाहेरची खोली तयार होणार होती, नव्या पडद्यांसकट.

कामावर त्याचा जोडीदार होता तोफ. आवाजावरून पडलेलं नाव. लिफ्टच्या बोगद्यात तो खालून बोलला की वरच्या मजल्यांवरचे लोक दार उघडून बघायचे. तोफेची दोन लग्नं मोडली होती, त्यामुळे लग्न ह्या विषयावर त्याचा शब्द शेवटचा. मिस्त्रीनं आपलं म्हणून नाही, कोणा ओळखीच्याचं म्हणून सांगितलं. "वेगळी खोली?" तोफ गरजला. "म्हणजे अर्धा घटस्फोट! उरलेला अर्धा टपालानं येतो." मग त्याचं तोंड बघून जरा खालच्या पट्टीत म्हणाला, "ओळखीचा म्हणजे फारच ओळखीचा दिसतोय." मिस्त्री वंगणाचा डबा उचलून टपावर चढला. त्या दुपारी टपावर बसून दोरांना वंगण लावता लावता त्याला डुलकी लागली. अलीकडे लागायची, बसमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत, एकदा तर दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य संपायच्या आत. वय झालं, माणूस दमतो, असं तो म्हणायचा. तोफेनं त्याच्या कमरेचा पट्टा धरून गदागदा हलवलं आणि ह्या खेपेला तो ओरडला नाही, ह्याचीच मिस्त्रीला जास्त धास्ती वाटली. "घरी सांग," तोफ म्हणाला. "काय सांगू?" तो म्हणाला. घरी सगळं छान चाललं होतं. बायको अजून त्याच्याच खोलीत झोपत होती, कारण पडदे आले नव्हते.

पट्टी बदलायला दोघं पुन्हा गेली तेव्हा संशोधक बाईनं त्याच्या हातावरचं चिकट पातळ प्लास्टिक सोललं आणि खूश झाली. खाली गुलाबी, कोरडी, नवी कातडी आली होती. "वा! एखाद्या मुलाची जखम भरावी तशी भरलीय." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस तो मनातल्या मनात केवढा जखमी होऊन फिरत होता, वडिलांची खोली काय, टपाल काय, आणि कातडीला त्याचा पत्ताच नाही! खाल्लेलं अंगी लागतंय, जखम भरतेय, माणूस ठणठणीत. मग बाईनं बायकोची पट्टी काढली. ती जखम तशीच होती. ओली, कडा लाल, कालच केल्यासारखी. बाईनं कसलंसं यंत्र धरून पुन्हा पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "घरी काही ताण आहे का? झोप लागते ना?" "छे छे," बायको म्हणाली, "मजेत आहे." आणि हसली. ते हसू मिस्त्रीला ओळखता आलं. गिऱ्हाईकाच्या तोंडात कवळी नीट बसली नाही की ती असंच हसते, बसेल हो, सवय होईल म्हणून.

निघताना संशोधक बाईनं त्याच्या शंकांना उत्तरं दिली होती. पेशींच्या आत म्हणे बारीक धागे असतात, त्यांची टोकं झिजत जातात, आणि माणूस फार दिवस धास्तीत राहिला तर ती लवकर झिजतात का, हे तिला बघायचं होतं. रक्ताचा निकाल यायला बरेच महिने होते. पण टोकांचं त्याला पटकन समजलं. लोखंडी दोर कापला की त्याचं टोक आधी तारेनं आवळून बांधायचं असतं. नाही बांधलं तर पीळ सुटत जातो आणि चांगला दोर वाया जातो. बसमध्ये तो बायकोच्या शेजारी बसून हाच विचार करत राहिला. तिला हवं ते मिळालं होतं. खोली मिळाली होती, त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. मग हिची जखम का भरत नाही? पहिल्यांदाच त्याला स्वतःचा कंटाळा आला, आणि त्यानं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं होतं. बस वळली तशी ती त्याच्या खांद्यावर कलली, क्षणभर तशीच राहिली आणि दचकून सरळ झाली.

माणसानं आपल्याला जे येतं ते करावं, बाकी विचार करून काय होतंय, असा मिस्त्रीचा स्वभाव. तिला झोप हवी ना, मग अशी झोप देऊ की राणीला मिळाली नसेल. रविवारी ती बाजारात गेली तशी त्यानं हत्यारांची पेटी काढली. मुलाच्या खोलीतला पलंग भिंतीपासून सरकवला, नवे पडदे लावले, आणि मग दाराकडे वळला. लिफ्टच्या दारांच्या कडांना लावतात ती रबराची जाड पट्टी त्यानं मुद्दाम आणून ठेवली होती. चौकटीच्या तिन्ही बाजूंना ती बसवली, दाराच्या तळाला दाट केसांचा ब्रश ठोकला, बिजागऱ्यांत तेल सोडलं. दार लोटलं तर नुसतं फस्स झालं आणि बाहेरचं जग बंद. त्यानं आत उभं राहून ऐकलं. स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता तो गेलाच. हाताला काम मिळाल्यामुळे त्याला बरं वाटत होतं, आणि काम फक्कड झाल्यामुळे आणखीच बरं. दुःखात असताना माणसाचं काम चांगलं होतं, हे त्यानं पूर्वीही पाहिलं होतं. बायको आली, पिशव्या ठेवल्या, खोलीत येऊन पडद्यांना हात लावला. "छान आहेत हो," म्हणाली. "हे तर काहीच नाही," तो म्हणाला, "तू आत थांब, दार लाव, मी बाहेरून घोरतो." आणि तो पलीकडच्या खोलीत जाऊन पलंगावर पडला आणि विदूषकासारखा मोठमोठ्यानं घोरायला लागला. घोरला, खोकला, तिच्या नावानं हाकाही मारल्या. दार बंदच. मग ते फस्सकन उघडलं आणि ती बाहेर आली ती रडतच.

"काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"तेच तर!"

"काही म्हणजे काहीच ऐकू येत नाही! हे काय करून ठेवलंत तुम्ही? कोणी सांगितलं होतं हा उपद्व्याप करायला?"

त्याला राग आला. इतक्या दिवसांचा सगळा एकदम आला. "कोणी सांगितलं म्हणजे? माझ्या घोरण्याला कंटाळून तू बाहेर झोपायला चाललीस, चारचौघांत सांगितलंस, मी शब्द बोललो नाही. वर रबर लावून दिलं. आणखी काय करू, घोरणं कापून देऊ का?"

"घोरण्याला कोण कंटाळलंय!" ती ओरडली. "घोरा की! रात्रभर घोरा, छप्पर उडवा! तुमचं घोरणं नाही हो, तुमचं थांबणं! मधेच थांबता तुम्ही. एकदम. श्वासच नाही. मी उठून बसते, वाट बघते, तुमच्या नाकाशी हात धरते. माझा जीव जातो. मग तुम्ही घशातून कसला तरी आवाज करता आणि पुन्हा सुरू. आणि मी पडते, तोवर पुन्हा थांबता. रोज. रात्रभर. मी कितीतरी महिने झोपलेलेच नाहीये."

तो पलंगाच्या कडेवर बसला. "मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, घोरणारा माणूस कधी मेलाय का."

म्हणाला होता. दाढी करता करता म्हणाला होता, आणि आरशात बघून स्वतःच हसला होता. आता त्याला त्या आरशातल्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. "मग वेगळी खोली कशाला मागितलीस? तिकडे गेल्यावर माझा श्वास चालणार होता का?"

ती त्याच्या शेजारी बसली. मग नाक पुसून म्हणाली, आणि हे सांगताना तिला लाज वाटत होती, "एकदा तुम्ही झोपलात आणि मी मुलाच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. तिथून तुमचं घोरणं ऐकू येतं. लांबून. पण मधली फट पंख्याच्या घरघरीत कळतच नाही. नुसता आवाज येत राहतो, बारीक, सगळं ठीक असल्यासारखा. मला वाटलं, तेवढं ऐकत पडले तर मला झोप लागेल. तुम्ही असाल, आणि मला थांबलेलं कळणार नाही. म्हणजे तुम्हाला तसं सोडून मी झोपणार, हे मला माहीत होतं. वाईट आहे मी. पण मला झोप पाहिजे होती." आणि मग तिच्या तोंडून अरे-तुरे सुटलं, जे इतक्या वर्षांत दोनदाच सुटलं होतं, एकदा बाळंतपणात आणि एकदा तो शिडीवरून पडला तेव्हा. "आणि तू मला रबर लावून देतोस! मेला असतास तरी मला कळलं नसतं, गाढवा!"

मिस्त्रीला त्या क्षणी काय वाटलं? सांगायला हवं, कारण त्याचं त्यालाही ते विचित्रच वाटलं. त्याला आनंद झाला. पोट भरून जेवल्यावर होतो तसा, सगळ्या अंगभर. मरणाची भीती नंतर वाटेल, वाटायलाच हवी होती. टपावरची डुलकी आठवलीही. पण आधी आनंद. ती बाहेर चालली नव्हती. ती इतके महिने त्याच्या नाकाशी हात धरून बसली होती, मेणाचा वास येणारा तो हात, आणि तो डाराडूर. "माझ्या वडिलांसारखं होईल असं वाटलं मला," तो म्हणाला. "तू गेलीस की मी म्हातारा होणार असं वाटलं. एका रात्रीत." "म्हातारे तुम्ही आहातच," ती म्हणाली, पुन्हा तुम्हीवर येत. मग त्यानं तिला टपावरच्या डुलकीबद्दल सांगितलं, सगळं, तोफेनं पट्टा धरला तेही. त्याच्या दंडावर तिनं चांगल्या चार चापट्या हाणल्या आणि म्हणाली, "उद्या. उद्याच माझ्याबरोबर हॉस्पिटलात. श्वासाच्या डॉक्टरांकडे. नाक बंद करून तोंडाला पाइप लावतील नाहीतर काय वाटेल ते लावतील, तुम्ही लावून घ्यायचं." "लावून घेईन," तो म्हणाला. "हसायचं नाही." "नाही हसणार. आणि रबर?" ती दाराकडे बघत राहिली. काम खरोखरच सुंदर झालं होतं, तिलाही ते दिसत होतं; चांगलं काम तिला नेहमी दिसायचं. "असू दे," ती म्हणाली. "मुलगा-सून आली की त्यांना होईल. आपण दार उघडं ठेवू."

दुपारचं ऊन नव्या पडद्यांवर आलं होतं. भाज्या पिशवीतच होत्या, आणि दूध ओट्यावर तापून गार झालं होतं. "पाचच मिनिटं पाठ टेकते," म्हणत ती मुलाच्या पलंगावर आडवी झाली. "तुम्ही इथेच बसा. पण झोपायचं नाही हं, नाहीतर मला परत..." परत काय ते तिनं सांगितलं नाही, कारण ती झोपली होती. तो खाली जमिनीवर बसला, पलंगाच्या फळीला पाठ लावून. तिचा पट्टी लावलेला हात कडेवरून त्याच्या खांद्यावर आला होता. तो हलवायचा नाही असं त्यानं ठरवलं, मुंग्या आल्या तर येऊ देत. थोड्या वेळानं वरून एक आवाज आला. आधी बारीक, मग जरा रुळल्यासारखा, मग चांगला खर्जातला. मिस्त्रीनं मान वर केली. बायको घोरत होती. संसार एवढा जुना झाला आणि हे त्याला माहीत नव्हतं! कसं असणार, तो आधी झोपायचा, ती नंतर, आणि अलीकडे तर ती झोपतच नव्हती. त्याला हसू फुटलं. उरलेला जन्म पुरेल एवढी चेष्टा त्याच्या हाती लागली होती. आधी मुलाला फोन, मग शेजारी, मग तोफ. तो तोंड दाबून हसत होता तेवढ्यात घोरणं थांबलं.

एकदम थांबलं. खोलीत काहीच आवाज नाही. तो गुडघ्यांवर कधी उठला, तिच्या तोंडावर कधी वाकला, हात तिच्या नाकाशी कधी गेला, त्याचं त्याला कळलं नाही. जगात दुसरं काहीही नको, तेवढा एक श्वास हवा, असं त्याला वाटत होतं. मग तिनं ओठ चावल्यासारखे केले, कूस बदलली, आणि पुन्हा घोरायला लागली. तेव्हा कुठे त्यानंही श्वास सोडला.